भांड्यावर कोरलेलं नाव

झिया गाफिच या बोस्नियाच्या फोटोग्राफरची ‘क्वेस्ट फॉर आयडेंटिटी’ ही मालिका गॅलरीच्या भिंतीवर पाहण्यापेक्षा फोनवर पाहावी, असं मला वाटतं. कारण साधं आहे. त्यात घड्याळं आहेत, कंगवे आहेत, चष्मे, किल्ल्या, दात घासायचे ब्रश, घरच्यांचे पुसट झालेले फोटो. फोन उभा धरला की यातल्या बऱ्याच वस्तू जवळजवळ त्यांच्या खऱ्या मापाच्या दिसतात. आणि एकेकाळी त्या जिथे होत्या तिथेच, म्हणजे कुणाच्या तरी खिशात, आता आपला फोन असतो.

फोटो अगदी कोरडे आहेत. कॅमेरा वरून सरळ खाली बघतो. उजेड सपाट आहे, सावली जवळपास नाही. वस्तूच्या मागे फक्त टेबल. कुठे रडणारी आई नाही, कबर नाही, पाऊस नाही. पहिले चार-पाच फोटो बघताना वाटतं की हा एखाद्या जुन्या बाजाराचा कॅटलॉग असावा. मग लक्षात येतं की घड्याळाच्या काचेत माती गेलेली आहे.

या वस्तू बोस्नियाच्या युद्धातल्या सामूहिक कबरींमधून निघाल्या. त्या युद्धातलं सगळ्यात कुप्रसिद्ध हत्याकांड स्रेब्रेनित्साचं. जुलै १९९५मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलेल्या या गावाच्या परिसरात बोस्नियन सर्ब सैन्याने आठ हजारांहून जास्त मुस्लिम पुरुषांना आणि मुलांना मारलं. हजारो लोक जंगलातून तुझ्ला शहराकडे चालत निघाले होते. म्हणजे खिशात जे होतं ते पुढच्या जगण्यासाठी घेतलेलं होतं. ब्रश घेणारा माणूस उद्या सकाळी दात घासायच्या विचारात असतो. घराची किल्ली घेणारा माणूस परत यायच्या.

मारल्यावर पुरलं, आणि काही महिन्यांनी पुरावा लपवण्यासाठी त्याच कबरी यंत्रांनी उकरून प्रेतं दुसरीकडे नेली. त्या उकराउकरीत एका माणसाची हाडं दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी गेली. ‘अनोळखी’ हा शब्द तिथे असा तयार झाला. आधी या माणसांना नावं होती. नाव शरीरापासून तोडायचं काम यंत्रांनी केलं, आणि ते ठरवून करून घेतलं गेलं.

गाफिचच्या आधीही या वस्तूंचे फोटो काढले गेले होते. २०००च्या आसपास रेडक्रॉसने कबरींतून निघालेल्या कपड्यांच्या आणि वस्तूंच्या फोटोंचं एक पुस्तक तयार करून बेपत्ता माणसांच्या कुटुंबांना दाखवलं. त्यात कला शोधायला कुणी जात नव्हतं. बाईने एकेक पान उलटायचं आणि एखाद्या स्वेटरवर स्वतःच्या हातचं रफू दिसतंय का ते बघायचं. ते पुस्तक म्हणजे सरळ सरळ एक प्रश्न होता : हे तुमच्या घरातलं आहे का?

गाफिचने हाच प्रश्न उचलला, आणि मालिकेची खरी ताकद तिथेच आहे. आपण सहसा युद्धाचे फोटो बघतो ते हळहळण्यासाठी. फोटो आपल्याकडून एक भावना मागतो, आपण ती देतो आणि अंगठा वर सरकवतो. गाफिचचा फोटो भावना मागत नाही, उत्तर मागतो, आणि ते आपल्याकडे नसतं. मी हा कंगवा ओळखत नाही. ओळखणारं माणूस बोस्नियातल्या एखाद्या गावात किंवा निर्वासित होऊन दुसऱ्या एखाद्या देशात आहे. मी फक्त वाटेत उभा आहे. असा अवघडलेपणा फार थोडे फोटो देतात.

पण मालिकेबद्दलची माझी तक्रारही इथेच सुरू होते. स्रेब्रेनित्साच्या बळींची ओळख पटवण्याचं मुख्य काम २००१नंतर डीएनएने केलं. जिवंत नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने हाडांशी जुळवून हजारो माणसांना नावं परत मिळाली. गाफिचची मालिका पुढे आली तोवर ‘ओळखता का?’ हा प्रश्न बऱ्याच अंशी प्रयोगशाळेत सुटत होता. मग फोटोतली ती फॉरेन्सिक शैली, तो सपाट उजेड, पुराव्याचा तो थंडपणा कशासाठी? काही फोटोंत तो पोशाख वाटतो. फोटोग्राफर टेबलापाशी डॉक्टरांचा कोट घालून उभा राहिल्यासारखा.

या शंकेचं उत्तर गाफिचपेक्षा हेगमधल्या न्यायालयाने जास्त चांगलं दिलं. स्रेब्रेनित्साच्या कबरींतून पुरावा म्हणून नेलेल्या सुमारे हजार वस्तू, त्यात ओळखपत्रं आणि फोटोही, तिथे नष्ट करण्यात आल्याचं २००९मध्ये उघड झालं. कारण सांगितलं गेलं ते आरोग्याला धोका असल्याचं. खटल्याचं काम झालं की वस्तू पुरावा राहत नाही, आणि पुरावा राहिला नाही की तो सडका कपडा असतो. कुटुंबांना तो हवा असेल, हे कार्यालयाच्या नोंदीत कुठे बसत नाही. गाफिचच्या फोटोंची गरज मला इथे पटते. ओळख पटली तरी वस्तू उरते, आणि ती कुणाची म्हणून उरते हे कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं.

जपानच्या इशिउची मियाको यांनी अगदी उलटा रस्ता घेतला. हिरोशिमाच्या स्मृती संग्रहालयातले, अणुबॉम्बमध्ये गेलेल्यांचे कपडे त्या २००७पासून रंगीत फोटोंत टिपत आल्या आहेत. पातळ फ्रॉकमधून उजेड आरपार येतो, शिवण दिसते, फुलांची नक्षी दिसते. मुली नटत होत्या, त्यांना छान दिसायचं होतं, हे त्या फोटोतून आधी कळतं आणि जळालेली कड नंतर दिसते. फोटो म्हणून मला इशिउचींचं काम गाफिचपेक्षा कितीतरी सरस वाटतं. पण एक फरक आहे. हिरोशिमाच्या संग्रहालयात वस्तू आणून देणारी माणसं होती. आईने मुलीचा फ्रॉक सांभाळला आणि मग दिला. इशिउचींना सुंदर फोटो काढायची मोकळीक मिळाली, कारण विचारण्याचं आणि नोंदवण्याचं काम आधीच कुणीतरी केलं होतं.

आता प्रश्न असा की जिथे ते काम झालंच नाही, तिथे कसला फोटो काढणार? हा प्रश्न मला बोस्नियासाठी पडलेला नाही. तो धाराशिवसाठी पडलेला आहे.

दर वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, आपल्या व्हॉट्सॲपवर १९४८ दोन-तीन फोटोंतून येतं. जनरल चौधरींसमोर निजामाचे सेनापती एल एद्रूस शरण येतायत. विमानतळावर सरदार पटेलांसमोर निजाम हात जोडून उभा आहे (हा फोटो खरं तर १९४९च्या फेब्रुवारीतला, पण फॉरवर्डला तारखेची पर्वा नसते). सगळे फोटो मोठ्या माणसांचे. आणि सगळे हैदराबादचे. सोलापूरहून निघालेलं भारतीय सैन्य १३ सप्टेंबरला ज्या नळदुर्गवरून संस्थानात शिरलं, ते नळदुर्ग आपल्या जिल्ह्यातलं. पण त्या चित्रमालेत नळदुर्ग नाही, उमरगा नाही, ज्यांच्या घरावरून हे सगळं गेलं ती माणसं नाहीत.

आपल्याकडची म्हातारी माणसं अजूनही काळ मोजताना ‘रझाकारात’ म्हणतात. रझाकारात जन्मला, रझाकारात जमीन गेली. त्या शब्दामागे काय होतं ते इथे नव्याने सांगायची गरज नाही. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, ते १९८२ला वेगळं झालं. रझाकारांच्या टोळ्यांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली. लोक मिळेल ते डोक्यावर घेऊन हद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे पळाले. त्यातले लढणारे हुतात्मा म्हणून नोंदले गेले. नुसतेच मेलेले, म्हणजे शेतावर होते आणि सापडले असे, बरेचसे घरच्यांच्या बोलण्यातच राहिले.

आणि मग सप्टेंबरचे ते पाच दिवस, आणि त्यानंतरचे आठवडे. भारत सरकारनेच पाठवलेली एक समिती २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात फिरली. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. सोळापैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले. जिथे जाता आलं नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून जास्त लोकांशी ते बोलले. त्यांचा अंदाज असा की पोलीस ॲक्शनच्या दरम्यान आणि नंतर, कमीत कमी धरलं तरी, २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे चार : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. या चारांत मिळून अठरा हजारांपेक्षा कमी नाहीत. मारले गेलेले प्रामुख्याने मुसलमान. हेच चार जिल्हे रझाकारांचे बालेकिल्ले होते आणि तिथल्या लोकांनी रझाकारांचा जाचही सर्वांत जास्त सोसला होता, हेही त्याच अहवालात आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भाऊबंदांना वाचवताना स्वतःचा जीव घालवला, हेही आहे.

पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता. आकड्यांवर आजही वाद आहेत. अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. २०१३च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मृती संग्रहालयात तो वाचायला मिळू लागला, आणि ए. जी. नूरानींच्या ‘द डिस्ट्रक्शन ऑफ हैदराबाद’ या पुस्तकात त्याचा मजकूर छापला गेला. वाचताना आकड्यांपेक्षा मला अडवलं ते विहिरींनी. समितीने प्रेतांनी भरलेल्या विहिरी पाहिल्याचं लिहिलंय. एका विहिरीत त्यांनी अकरा प्रेतं मोजली, त्यात तान्हं मूल छातीशी असलेली एक बाई होती. त्यांनी मोजलं. नाव लिहिलं नाही. कपडा कसला होता, हातात बांगड्या होत्या का, हे लिहिलं नाही. समितीचं ते कामही नव्हतं. पण एका बाईबद्दल कागदावर उरलंय ते एवढंच.

ती बाई अनोळखी होती का? समितीला होती. गावाला? मराठवाड्यातल्या गावात विहीर कुणाची, वाट कुणाच्या बांधावरून, कुणाच्या घरी केव्हा बाळंतपण झालं, हे सगळ्यांना माहीत असतं. तिचं नाव त्या गावात शंभर जणांना तरी ठाऊक असणार. बोस्नियात नाव तोडायला यंत्रं लागली. इथे लोकांनी नुसतं गप्प राहणं पुरलं.

म्हणून गाफिचचं टेबल धाराशिवला आणून चालणार नाही, असं मला वाटतं. ते टेबल गृहीत धरतं की वस्तू प्रेताबरोबर राहिली, कबरीतून निघाली, धुतली गेली, आता ती मधोमध ठेवायची आणि सगळ्यांना विचारायचं. १९४८च्या वस्तूंचा प्रवास असा झालेला नाही. अहवालात खुनांच्या जोडीने पानोपानी दुसरी गोष्ट येते ती लुटीची. लुटलेली वस्तू पुराव्याच्या पिशवीत जात नाही. ती दुसऱ्या घरात जाते. रझाकारांनी लुटलेलं अशाच घरांत गेलं आणि नंतर रझाकारांच्या नावाने लुटलेलंही अशाच घरांत गेलं. दार, कपाट, शिलाई मशीन, धान्याची कणगी, बैल. आणि भांडी.

भांड्यांवर मी अडून बसतो याला कारण आहे. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहे. लग्नातल्या भांड्यांवर, आहेराच्या कळशीवर, ताटांच्या कडेला ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं. कधी तारीखही. पंगतीला गावभरची भांडी एकत्र येतात आणि नंतर ज्याची त्याला जावी लागतात, म्हणून ही सोय. जगात इतरत्र मेलेल्याचं घड्याळ बघून ते कुणाचं हे शोधावं लागतं. आपल्याकडे वस्तूच नाव सांगते. मुसलमान घरांतल्या कल्हई केलेल्या तांब्याच्या भांड्यांवरही नावं कोरलेली असतात, उर्दूत. आणि दोन पिढ्यांपूर्वीच्या मराठवाड्यात शाळाच उर्दूत शिकलेली कितीतरी हिंदू माणसंही ती वाचू शकत होती. आता घरात कुणाला वाचता येत नाही. मग ती फक्त नक्षी राहते.

असं भांडं कुणाच्या माळ्यावर असेल तर त्याचा फोटो कसा काढायचा? इथे मला इशिउचींचा उजेड नको वाटतो. तांबं फार फोटोजेनिक असतं. खिडकीतून तिरपा उजेड सोडला की ते सोन्यासारखं दिसेल, इन्स्टाग्रामवर लोक ‘आजीचा वारसा’ म्हणून हार्ट देतील, आणि ‘आजी कुणाची?’ हे विचारायचं राहूनच जाईल. गाफिचचं पांढरं टेबलही नको. भांडं माळ्यावरून काढून पांढऱ्यावर ठेवलं की सध्याचं घर फ्रेमबाहेर जातं, आणि इथे तर गोष्टीचा अर्धा भाग ते घरच आहे. भांडं जिथे आहे तिथेच, मागे त्या घराची भिंत, कॅलेंडर, गॅसची टाकी असं दिसू दे. नाव वाचता येईल इतक्या जवळून, पण घर कळेल इतक्या लांबून. हा फोटो तांत्रिकदृष्ट्या सोपा आहे. कोणत्याही फोनवर निघेल. अवघड आहे ते घरातल्या माणसाने ‘काढा’ म्हणणं. त्याने चोरी केलेली नाही, त्याच्या आजोबाने केली असेल किंवा आजोबाने कुणाकडून चार आण्यांना घेतलं असेल, किंवा शेजाऱ्याने पळून जाताना ‘ठेवा, परत येईन’ म्हणून दिलं असेल. ही शेवटची शक्यता मी मुद्दाम लिहितोय. हा फोटो आरोपपत्र झाला तर दुसरं भांडं कुणी दाखवणार नाही.

फाळणीच्या वस्तूंवर आंचल मल्होत्रा यांनी ‘रेमनन्ट्स ऑफ अ सेपरेशन’ (२०१७) हे पुस्तक लिहिलं, अमृतसरला त्याच वर्षी फाळणीचं संग्रहालय उघडलं. तिथल्या वस्तू माणसांनी बरोबर नेलेल्या आहेत. शाल, भांडं, मोजपट्टी, जे हाताला लागलं ते. त्यामागे सांगणारा माणूस जिवंत होता. हैदराबादच्या १९४८साठी अशा कामाची मोठी उणीव आहे, पण ते काम निम्मंच होईल. नेलेल्या वस्तू सापडतील. मागे राहिलेल्या वस्तूंचं काय, हे विचारायला वेगळी हिंमत लागते.

विहिरीही बोलू शकतात, पण घाई केली तर त्यांचं बोलणं बिघडतं. पंजाबात अजनाळ्याला २०१४मध्ये एका जुन्या विहिरीतून १८५७च्या बंडातल्या शिपायांचे सांगाडे काढले गेले. बरोबर नाणी निघाली, दागिने निघाले. पण खोदणारे गावकरी होते, पद्धत नव्हती, हाडं तुटली, मिसळली, कुठली वस्तू कुणापाशी होती हे कायमचं गेलं. २०२२च्या अभ्यासात दातांच्या डीएनएवरून एवढं कळलं की ही माणसं गंगेच्या मैदानातली होती. एका माणसाचं नाव मात्र लागलं नाही. त्यांचे फोटो तेव्हा वर्तमानपत्रांत आले : कवट्यांचा ढीग, भोवती गर्दी. वस्तू एकेक करून मांडणारं कुणी तिथे असतं तर? गाफिचचा कोरडेपणा मी वर पोशाख म्हटला. अजनाळ्याचे ते फोटो आठवले की मी तो शब्द अर्धा मागे घेतो.

आपला जिल्हा मेलेल्यांची आठवण ठेवत नाही असं मुळीच नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं गेली, ढिगाऱ्याबाहेर काढलेल्या कित्येक प्रेतांना ओळख पटवायला वेळच न मिळता अग्नी दिला गेला. त्यांची आठवण दर सप्टेंबरला निघते, फोटो छापले जातात, जिवंत राहिलेले बोलतात. त्याच सप्टेंबर महिन्यात तेरा दिवस आधी दुसरी तारीख येते आणि तिला झेंडा असतो, भाषण असतं. विहीर नसते. शहराचं नाव आता अधिकृतपणे धाराशिव झालंय. जुनं नाव शेवटच्या निजामाचं, ते गेलं याचं दुःख बाळगायचं कारण नाही. पण सुंदरलाल अहवालात जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद आहे, आणि उद्या कुणी पोरगं फोनवर ‘धाराशिव १९४८’ असं शोधेल तेव्हा त्याला तो अहवाल सहज सापडणार नाही, ही अगदी व्यवहारातली अडचण आहे.

गाफिचची मालिका पुन्हा एकदा वरपासून खाली पाहिली. पन्नासेक फोटोंनंतर मला घड्याळ आणि घड्याळ यांतला फरक कळेनासा होतो. एकसारखेपणाचा हा थकवा मालिकेत मुद्दाम आहे की तिची मर्यादा, यावर मी आजही ठाम नाही. ठाम आहे ते एवढ्यावर, की त्या कॅटलॉगमध्ये कुणा एका बाईला एक फोटो ओळखीचा वाटू शकतो, आणि तेवढ्यासाठी बाकीचे सगळे फोटो आपण अनोळखी म्हणून बघायचे असतात.

इकडे पितळ-तांब्याला सध्या भाव चांगला आहे. माळे रिकामे होतायत, स्टील आणि नॉनस्टिक आल्यापासून जुनी भांडी कुणी घासत बसत नाही. मोडवाला दारात येतो, काट्यावर ठेवतो, किलोचा हिशेब करतो. पोचे बघतो, गिलावा बघतो, कडा खऱ्या तांब्याच्या आहेत का ते नखाने खरवडून बघतो. नाव कुणाचं आहे ते तो बघत नाही, आणि देणाराही भांडं उलटून बघत नाही.